रुळावरची करवत

बायपासनंतर डॉक्टरांनी मुकुंदरावांना वजन उचलायची मनाई केली आणि घरामागच्या शेडमधलं शैलजाताईंचं सुतारकाम थांबलं. प्लायवुड त्या कापायच्या, दुसरं टोक धरायला मुकुंदराव असायचे.

आज दोघं हत्यारांच्या दुकानात आले होते. दुकानदाराने रुळावर चालणारी करवत पुढे ठेवली. "आमची माणसं प्लाय आणून बाकावर ठेवतील. तो तिथेच राहू दे. त्यावर रूळ ठेवायचा नि करवत सरकवायची. एकटा माणूस कापू शकतो."

"हीच घेऊ," शैलजाताई म्हणाल्या.

मुकुंदराव कसंनुसं हसले. "म्हणजे आता माझी सुट्टी."

"आधी हातात धरून बघा. वायरवाली नको, पायात येते. ही बॅटरीवरची झेपतेय का?"

"मला कशाला झेपायला हवी?"

"तुम्हीच कापणार आहात म्हणून. इतकी वर्षं मी कापताना तुमचे हात शिवशिवायचे, ते काय मला दिसत नव्हतं?"

बंद करवत मुकुंदरावांनी काउंटरवरच्या रुळावरून हळूच सरकवली. मग पुन्हा एकदा.

"एक बॅटरी पुरेल," दुकानदार म्हणाला.

"दोन द्या. हे आता थांबायचे नाहीत."