उजव्या गालावर नवस

पाच वाजायला दहा मिनिटं असताना तनया रुग्णवाहिकेची चालक म्हणून रुजू झाली. ही गोष्ट वाचकांनी लगेच विसरून जावी. कार्यालयाच्या मते ती अजून घडलेली नाही.

तर, चार वाजले होते. पेडण्यातल्या एका कार्यालयाच्या खिडकीसमोर तनया उभी होती आणि आत कारकून कृष्णनाथबाब तिचा वैद्यकीय दाखला चष्मा वर-खाली करून वाचत होते. पाचपर्यंत रुजू झाली नाही, तर नोकरी प्रतीक्षायादीतल्या गौरेशला जाणार होती. गौरेश बाहेर व्हरांड्यात बसला होता. नवा शर्ट घालूनच आला होता.

"नवस कोणाक बोललंस गो?" कृष्णनाथबाबनी विचारलं.

"खंयचो नवस?"

त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. ‘शरीरावरील ओळखीची खूण : उजव्या गालावर नवस.’

तनयाने उजव्या गालाला हात लावला. तिथे तीळ होता. जन्मापासून होता, मसुराएवढा.

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांची कालच वाळपईला बदली झाली होती. फोन तिने खिडकीतून आत धरला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मी नेवस लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तिळाला आम्ही नेवस म्हणतो. तीळ असो, लासं असो, कागदावर नेवसच. टाइप करणाऱ्याने मात्रा खाल्ली."

"मात्रा डॉक्टरान दिवची आणि टायपिस्टान खावची," कृष्णनाथबाब म्हणाले. "बरा चल्लाहा."

"डॉक्टर, नवो दाखलो?"

"सोमवारी. मी पोचलो, माझा शिक्का अजून पोचला नाही."

फोन बंद झाला.

"तुमका तीळ दिसता मां?" तनयाने गाल पुढे केला.

"दिसता."

"मगे?"

"फायलीत कागद लागता. गाल लागणा नाय. कागदार नवस आसा, तर तो फिटलेलो होयो. अर्धवट कामा ठेवन इल्लो माणूस सरकारी गाडयेर बसाक शकणा नाय."

हे कुठल्या नियमात आहे ते त्यांनी सांगितलं नाही. नुसतं कपाटाकडे बोट केलं. कपाट मोठं होतं.

"फेडून टाक गो चेडवा," मागे रांगेत उभी असलेली विमलाकाकी म्हणाली. "एक नारळ तो कितीसो!"

"न बोललेलो नवस फेडू कसो, काकी?"

यावर रांगेत थोडा वेळ विचार झाला. कोणीतरी म्हणालं, आईने बोलला असेल. कोणीतरी म्हणालं, मग तो आईच्या गालावर यायला हवा होता.

रडून बघावं, असं तनयाच्या मनात एकदा आलं. पण रडण्याला आवक क्रमांक मिळत नाही. मामाचा टेंपो तिने दोन वर्षं आपल्या गावच्या, कोरगावच्या चढणीवर काजू भरून चालवला होता. चढणीवर गाडी मागे यायला लागली की ब्रेक नाही, गिअर बदलायचा, एवढं तिला कळत होतं.

"फिटल्याचो दाखलो कोण दिता?" तिने विचारलं.

"ज्येचो नवस, त्येची सही."

"देवाची?"

"मी नाव घेवक नाय हां," कृष्णनाथबाब घाईने म्हणाले.

"आणि सही येयसर?"

"सहीसाठी पत्र धाडल्याचो शिक्को आसलो, तर उत्तर येयसर तात्पुरती रुजू." हा नियम मात्र होता. त्यांनी पुस्तक उघडून दाखवला.

तनयाने दोरीला बांधलेलं पेन ओढलं. "सांगा. मी लिवतंय."

कृष्णनाथबाबनी चष्मा काढला. गावात तीस वर्षं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा होता; खिडकीच्या या बाजूला हे कोणाला ठाऊक नव्हतं. ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि आवाज एकदम देवळातला झाला.

"बा देवा म्हाराजाऽऽ! ह्या लेकराच्या गालावयलो नेवस, त्येचो कोणी नवस केलो असात..."

"व्हय म्हाराजा!" विमलाकाकी सवयीने म्हणाली.

"त्येची जी काय चूकभूल जाली असात, ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!" आता सगळी रांग. बाबली शिपायाने चहाचे ग्लास खाली ठेवले आणि तोही सामील झाला.

"आणि ह्येका आज पाचाच्या आत कामार रुजू करून घे रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यात मोठा आवाज व्हरांड्यातून आला. तो गौरेशचा होता. मग त्याच्या लक्षात आलं. पण गाऱ्हाण्यात एकदा म्हटलेलं परत घेता येत नाही.

कृष्णनाथबाब खाली बसले. चष्मा चढवला, तसा आवाजही परत कार्यालयातला झाला. तनया लिहीत गेली, ते मजकूर दुरुस्त करत गेले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना शिक्का पडला आणि खिडकीतून गाडीची किल्ली बाहेर आली. पत्र जावक झालं ते असं :

‘प्रति, श्री ग्रामदेव, कोरगाव. विषय : अर्जदाराच्या उजव्या गालावरील नवस. सदर नवस आपणाकडे नोंद असल्यास तो फिटला किंवा कसे, याबाबत आपण सात दिवसांत, कार्यालयीन वेळेत, समक्ष हजर राहून सही करावी. येताना आपल्या शरीरावरील ओळखीच्या खुणेचा डॉक्टरांचा दाखला सोबत आणावा. खूण तीळ असल्यास मात्रा तपासून घ्यावी, ही नम्र विनंती.’