तिसऱ्या ओळीतली फरशी

मेहुणेबुवा पडले ते सरळ पाठीवर. चाकांचे बूट वर, डोकं खाली, आणि लाल रुमी टोपी घरंगळत पार भिंतीशी. बाकीचे चौघे जागच्या जागी थांबले. दारात फडकं घेऊन बसलेल्या भागम्मानं मात्र बुवांकडं नाही, फरशीकडं पाहिलं, कारण बुवा पडले होते ते नेमके तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या फरशीवर.

पिंगळी टेसनाजवळच्या जिनिंग गिरणीचा हा क्लब. मॅनेजर आबासाहेबांच्या मेहुण्यानं हैदराबादहून चाकांच्या बुटांचे पाच जोड आणले आणि सगळ्या कारकुनांना वेड लावलं. महिन्याभरात तिकडे शर्यत होती. शहाबादी फरशीवर रोज संध्याकाळी घर्रर्र चालायचं, आणि दर फेरीला त्या एका फरशीवर चाक आलं की टक वाजायचं. ती जराशी खाली बसली होती.

फरशीला जपावं ते भागम्मानं. आत येणाऱ्या प्रत्येकाचं पाऊल ती मांडीवर घ्यायची, चाकात अडकलेला खडा नखानं काढायची, चाकं पुसायची, मगच आत सोडायची. "स्वतःच्या घराला कुणी जपत नसेल एवढं," आबासाहेब कौतुकानं म्हणायचे.

त्यांना काय ठाऊक! क्लब उठायच्या आधी इथं लिंगायतांची मसणवट होती. कागदावर मात्र पडीक जागा म्हणून नोंद झाली, आणि मुरूम पसरून वर फरशी बसली. बाहेरच्या कडुलिंबापासून अकरा पावलांवर, तळहातात इष्टलिंग देऊन, मांडी घालून बसवून पुरलेली भागम्माची लेक त्याच फरशीखाली राहिली. फरशी फुटली तर खाली उकरतील, एवढ्या एका भयापोटी ही बाई इथं झाडू मारत होती, परक्यांची पावलं मांडीवर घेत होती.

आणि घात तिनंच केला. दर सोमवारी पहाटे ती त्या फरशीवर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि संध्याकाळी मंडळी यायच्या आत पुसून टाकायची. आज सोमवार. शर्यत जवळ आली म्हणून मंडळी सकाळीच आली. पाच जणांची चाकं पुसण्याच्या गडबडीत विभूती तशीच राहिली.

"फरशीच खराब आहे!" मेहुणेबुवा कंबर धरून ओरडले. "रोज टक टक करते. उद्या कुणाचा पाय मोडेल."

नाचता येईना अंगण वाकडं. पण मॅनेजरच्या मेहुण्याला अंगण वाकडं वाटलं की ते उकरावंच लागतं. आबासाहेबांनी लिंबाजी वडाराला बोलावलं. तो खांद्यावर पहार टाकून आला.

"ही काढ," आबासाहेब म्हणाले. "खाली हातभर खण, मुरूम ठोकून भर आणि नवी बसव."

भागम्मा उठली कधी आणि धावली कधी, तिलाच कळलं नाही. ती फरशीवर जाऊन बसली, दोन्ही हात टेकून.

"काढू नगा, सरकार! फरशी चांगली हाय."

"मग हे पडले कसे?"

"माझी चूक हाय. राख सांडली माझ्या हातनं. भांडी घासायची राख हाय ती."

विभूतीला तिनं भांड्याची राख म्हटलं. शिवा, माफ कर, ती मनात म्हणाली.

आबासाहेब लाल झाले. "फरशीला जपते, फरशीला जपते म्हणून डोक्यावर घेतली तुला! माणूस मेलं असतं म्हणजे? उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"न्हाई येत जी." ती इतक्या झटकन बोलली की आबासाहेबच गडबडले. "आत्ताच जाते. पर हिला ऱ्हाऊ द्या."

"लिंबाजी, तरी ठोकून बघ एकदा."

लिंबाजी उकिडवा बसला. भागम्मा इंचभर मागं सरकली. त्यानं पहारेचं टोक आधी शेजारच्या फरशीवर आपटलं. ठण्ण वाजलं. मग हिच्यावर आपटलं. आवाज खोल, पोकळ आला. त्यानं पुन्हा आपटलं आणि थांबला. फिसकटलेल्या राखेत एक रेघ अजून शाबूत होती, बोटानं ओढलेली, सरळ. भांड्याची राख अशी सांडत नाही. इथली मसणवट त्याला ठाऊक होती, भागम्माची लेक गेल्याचंही कानावर होतं. त्यानं वर पाहिलं. भागम्मानं पदराखाली हात जोडले होते. कुणाला दिसू नयेत असे, पण त्याला दिसावेत असे.

लिंबाजी पहार घेऊन उठला.

"पक्की हाय, सरकार. कडंचा चुना गेलाय म्हनून वाजायलीय. उकरायचं काम न्हाई."

मेहुणेबुवांनी टोपी झटकली. भागम्मानं पदरानं फरशी पुसली, कोपरान् कोपरा, आणि पदराला लागलेली राख कपाळाला लावून बाहेर पडली.

लिंबापर्यंत जाऊन तिचे पाय थांबले. पुढं कुठं जायचं तेच तिला सुचेना. ती खोडाला टेकून बसली. आत पुन्हा घर्रर्र सुरू झालं. एक फेरी झाली. टक. दुसरी झाली. टक.

लिंबाजी बाहेर आला. तिच्याजवळ क्षणभर थांबला. तिच्याकडं न बघता त्यानं विचारलं,

"केवढी व्हती?"

"अकरा म्हैन्याची," भागम्मा म्हणाली. "नुकतीच पाऊल टाकायला लागली व्हती."