कडूबाईचा पेन

कडूबाईनं पिशवीतून पेन काढला आणि मंगल कार्यालयात खसखस पिकली. लिहायचा पेन असता तर कुणी मानही वर केली नसती. हा टॅबवर चालणारा पेन होता, पांढराशुभ्र, टोकाला बारीक, आणि कडूबाईनं तो रुमालात गुंडाळून आणला होता.

“मावशी, हा पेन चित्रं काढणाऱ्यांसाठी असतो,” प्रवीण सर म्हणाले. बीडहून शिकवायला येणारा पोरगेलासा माणूस. मनानं चांगला, पण घाईचा. “आपल्याला शेळीची नोंद करायचीय, शेळीचं चित्र नाही काढायचं.”

पुन्हा हशा झाला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज सरस्वतीबाईचा. सरस्वतीबाई म्हणजे वीस बायांमधली पहिल्या नंबरची. तिच्या गावच्या शेळ्यांच्या नोंदी सगळ्यांच्या आधी पोचायच्या आणि त्यात काना-मात्रेची चूक नसायची. असल्या हुशार बाईनं चेष्टा केली की बाकीच्यांना हसावंच लागतं.

“आता गळ्यात टाय तेवढा बांध, कडूबाई,” ती म्हणाली. “साहेबीणच झालीस की गं!”

 कडूबाईला आज हसण्या-रुसण्याला सवड नव्हती. एका संस्थेनं कडा गावाच्या आसपासच्या वीस गावांत एकेक बाई निवडली होती. घरोघर जायचं, शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा बघायचा, लस कधी दिली ते विचारायचं आणि टॅबवर नोंद करायची, असं काम. आज या मंगल कार्यालयात त्याची परीक्षा होती. टेबलाशी बांधलेल्या शेळीची सगळ्यांदेखत नोंद करून दाखवायची. जमली तर काम पक्कं. नाही जमली तर दसरा झाला की नवऱ्यासोबत ट्रकात बसायचं, गेली अठरा वर्षं बसत आली तसं, आणि परमुलखात ऊस तोडायचा. मुकादम दोनदा घरी येऊन गेला होता. “यंदा मी न्हाई,” असं तिनं त्याला सांगितलं होतं खरं, पण काम अजून पक्कं कुठं होतं?

टॅब मिळाल्यावरचे पंधरा दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. बोट ठेवावं, टॅब ढिम्म. दाबावं, तरी ढिम्म. आपलं डोकंच या कामाचं नाही, असं ती धरून चालली होती. मग एका सकाळी गोठ्यात टॅब मांडीवर घेऊन बसली असताना तिच्या काळ्या शेळीनं मान पुढं केली, काचेला ओलं नाक लावलं आणि नोंदीचं पान झटक्यात उघडलं. कडूबाई शेळीकडं बघतच राहिली. हिला येतं आणि मला येत नाही! तिला आधी हसू आलं, मग रडू आलं.

ती तडक कड्याला मोबाईलच्या दुकानात गेली. दुकानदार शिवशंकरनं टॅब बाजूला ठेवला आणि तिला हात पुढं करायला सांगितलं.

“मावशी, टॅब बी चांगला हाय आन् तुमी बी चांगल्या हाव,” तो म्हणाला. “बोटं तेवढी लई कडक झालीत. ह्या काचेला मऊ कातडं लागतं.”

कोयता धरून आणि मोळ्या बांधून तिच्या बोटांची टोकं वहाणेच्या तळासारखी झाली होती. त्यानं हा पेन दिला आणि कडूबाईचं घोडं गंगेत न्हालं. मग काय, घरी आल्यावर तिनं टॅब पार पिंजून काढला. पेनानं हवामान बघितलं, पेनानं भजन लावलं, पेनानंच बहिणीला व्हिडिओ कॉल केला. पण पेन कशासाठी, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हात निकामी म्हटल्यावर काम कोण देणार?

“कडूबाई, या,” सरांनी पहिलंच नाव पुकारलं. “आणि बोटानं करून दाखवा. सगळ्या बाया बोटानंच करतात.”

कडूबाई पेन घेऊनच टेबलापाशी गेली.

“सर, नोंद शेळीची घ्यायची हाय का माझ्या बोटाची?”

प्रवीण सरांनी डोकं खाजवलं. “बरं, करा.”

पुढचं सगळं दोन मिनिटांत आटोपलं. बिल्ल्याचा आकडा, शेळीचं वय, लशीची तारीख, फोटो. पेन टकटक चालला आणि हिरव्या पट्टीवर ‘नोंद झाली’ अशी अक्षरं आली. सरांनी तिच्या नावापुढं खूण केली. कडूबाई जागेवर येऊन बसली तेव्हा तिला फार बरं वाटत होतं.

“आता सरस्वतीबाई.”

सरस्वतीबाई उठली, पण टेबलाकडं गेली नाही. पदर सारखा करायच्या निमित्तानं ती कडूबाईपाशी वाकली आणि तिनं पदराआडून हात पुढं केला. कडूबाईनं तिची बोटं पाहिली. टोकांना तसंच कातडं, तसंच जाड, तसंच गुळगुळीत.

“पेन दे की गं,” सरस्वतीबाई कुजबुजली. “घरी समद्या नोंदी माझी सून करती. ही काच मला वळखतच न्हाई.”

द्यावा एक टोला, असं कडूबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि पेन तिच्या हातात ठेवला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी तिचा पदर ओढला.

“कडूबाई, तिचं झालं की पेन मागं दे. आमी समद्याच थांबलोय.”