शेवटची ताकीद

जुन्या डिझेल इंजिनांवर बोलणारा एक जगभराचा ग्रुप आहे. महाळुंग्याचे बबनराव त्यात रोज सकाळी भलतंच काहीतरी टाकायचे. कधी वांगी, कधी शेजारच्या कंपनीच्या भिंतीला टेकलेला आपला गोठा. ब्राझीलवाला हसायचा, जपानी नम्र विनंती करायचा, इंग्लंडातला म्हातारा नियम वाचून दाखवायचा. मग जर्मनीतला ॲडमिन दुपारच्या जेवणाआधी पोस्ट उडवून लिहायचा, 'विषय सोडून. शेवटची ताकीद.' अशा शेवटच्या ताकिदी बबनरावांनी इतक्या जमवल्या होत्या की एखादी विहीर बुजली असती.

आज मात्र म्हशीचं नवं रेडकू सकाळपासून ग्रुपवर तसंच उभं होतं. त्याच्यावरून अख्खी पृथ्वी भांडायला उठली, पण ॲडमिन गप्प. बबनराव जेवलेसुद्धा नाहीत.

"उडिवलं का वो?" सुभद्राबाईंनी पुन्हा विचारलं.

"न्हाई."

"मग माझा फोटू टाका. लगीच उडंल."

बबनरावांना हसू आलं नाही. फोन बंद पडेल म्हणून त्यांनी तो चार्जिंगला लावला आणि तिथंच भिंतीशी उभे राहिले.

दिवेलागणीला फोन वाजला. रेडकू गेलं होतं. खाली लिहिलं होतं, 'विषय सोडून. शेवटची ताकीद.'

सुभद्राबाई ताट वाढायला उठल्या.

"बरा हाय म्हणायचा आपला गणराज. बापाचा फोन उचलंना का, दम तरी देतुय."