गिळायचा घोट

"काका, हनुवटी छातीला टेकवा आणि एका दमात गिळा," गिळायला शिकवणारी थेरपिस्ट म्हणाली आणि तिने चमचा त्याच्या ओठांशी नेला.

चमच्यात चहा होता. खरं तर पाण्यानेच सुरुवात करायची पद्धत, पण त्याच्या बायकोने सकाळपासून लकडा लावला होता. शेवटी थेरपिस्टने हार मानली. बायकोने घरून करून आणलेल्या थर्मासमधला थोडा चहा वाटीत काढून कोमट होऊ दिला, घट्टपणा यावा म्हणून त्यात पूड ढवळली आणि बजावलं, "पाच चमचे नीट उतरले तर नाकातली नळी काढू. नाहीतर आणखी आठवडाभर नळीनेच जेवण."

आठ दिवसांपूर्वी रोबोटच्या बारीक हातांनी तोंडातून आत शिरून त्याच्या जिभेच्या मुळाशी असलेली कॅन्सरची गाठ काढली होती. मानेवर साधा ओरखडाही नव्हता. बायको पुन्हा पुन्हा मान तपासू लागली, तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं होतं, 'रोबोटने हात धुतले होते का, ते विचार.' ती पोट धरून हसली होती आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली होती.

एकतीस वर्षं तो चहाच्या कंपनीत चहा चाखत होता. रोज दोनशे कप. प्रत्येकातला चमचाभर ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि दर्जा सांगायचा. घरी आल्यावर त्याला चहाचं नाव काढलेलंही खपत नसे. त्यामुळे बायकोने संध्याकाळचा चहा कायम एकटीनेच प्यायला. समोर बसून नवऱ्याने एक कप चहा घ्यावा, एवढंच तिला वाटायचं. काय जगावेगळं मागणं होतं? पण तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि गाठ निघाल्यापासून दुसरं काही तिच्या मनात येत नव्हतं.

चमचा ओठांना लागला आणि त्याने असा भुरका मारला की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकला. डोळे मिटले. गाल हलले. मग त्याने मान वळवली आणि एक थेंबही न सांडता सगळा चहा शेजारच्या भांड्यात थुंकला.

"अहो काका! भुरका नाही मारायचा, श्वासनलिकेत जाईल!" थेरपिस्ट घाबरलीच. "दुखतंय का? उतरत नाहीये का? राहू दे, आज नको." तिने केसपेपर पुढे ओढला.

"थांब गं, लिहू नकोस," बायको म्हणाली. "दुखत नाहीये त्यांना. ते ऑफिसात गेले होते."

तो ओशाळून चादरीकडे बघत राहिला. बायकोने थर्मासच्या झाकणात स्वतःसाठी चहा ओतला, खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली आणि चमचा हातात घेतला.

"अहो, हा विकायचा नाहीये. हा आपल्याला प्यायचाय."

आधी तिने स्वतः घोट घेतला. तो तिच्या गळ्याकडे बघत होता. मग त्याने हनुवटी छातीला टेकवली. कंठ वर चढला, अडला, डोळ्यांत पाणी आलं आणि घोट खाली गेला. तिघंही ठसक्याची वाट बघत राहिली. ठसका आला नाही.

दुसरा चमचा गेला. तिसरा. चौथ्याला त्याने बराच वेळ घेतला, पण तोही गेला. पाचवा उतरला आणि त्याचे ओठ हलले. आठ दिवसांत पहिल्यांदाच आवाज फुटला, घोगरा, बसलेला.

"उकळलाय जास्त."

बायकोने झाकण खाली ठेवलं.

"एकतीस वर्षांनी सांगताय," ती म्हणाली.

"पाच झाले काका, जिंकलात!" थेरपिस्टने नळीची चिकटपट्टी सोडवायला हात पुढे केला. "आता बास."

त्याने तिचा हात हलकेच बाजूला केला आणि बायकोकडे बघत पुन्हा तोंड उघडलं.