खुर्ची भिंतीकडे

"आवाज आला की बटण दाबायचं," कान तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मी काचेतून त्यांच्या बोटांवर नजर ठेवली आणि बोट हललं की बटण दाबत गेले. थोड्या वेळाने त्यांनी उठून माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग मी नुसतीच बसून राहिले.

"हे आजचं नाही, लहानपणापासूनचं आहे," त्या माझ्यासमोर येऊन म्हणाल्या. "बी.एस्सी. झालात कशा?"

"पहिल्या बाकावर बसून, सरांच्या ओठांकडे बघत."

बाहेर आई माझ्या दोन वर्षांच्या जुईला मांडीवर घेऊन बसली होती. वरोऱ्याहून खास सोबतीला आली होती. मी रिपोर्ट पुढे केला. तिने तो पाहिलासुद्धा नाही.

"तू चौथीत असतानाच डॉक्टर बोलले होते."

"आणि मशीन नाही घेतलंस? शाळेत मला मठ्ठ म्हणायचे, तेव्हाही गप्प बसलीस?"

"कानात मशीन घातलेली मुलगी कुणी केली असती गं? झालं ना सगळं नीट? ओरडू नकोस, लोक बघतायत."

मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पाहुण्यांसमोर नेहमी करायची तसे, आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "हिचंही सासरी कुणाला कळू देऊ नकोस."

मी जुईला तिच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "मॅडम, अजून एक पेशंट आहे!"