पहारेकरी

बाबा घरी बसून कंपनीचा सर्व्हर सांभाळायचे, आणि आज त्या सर्व्हरची अगदी गोगलगाय झाली होती. काळ्या पडद्यावर कमांड देऊन त्यांनी कुठल्या प्रोग्रामच्या मेमरीला मर्यादा घातली, कुठल्याला रांगेत मागे ढकललं. तरी मशीन धापा टाकतच होतं.

मधूनमधून ते उठून शेजारच्या खोलीत डोकवायचे. लेकीची परीक्षा तोंडावर आली होती.

"झाला का धडा?"

"करतेय, बाबा."

दर वेळी पुस्तक त्याच पानावर उघडं असायचं. बाबा कपाळाला आठ्या घालून परत यायचे.

शेवटी कोणता प्रोग्राम किती खातोय, हे त्यांनी पडद्यावर नीट निरखून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सगळ्यात वर होता तो त्यांनीच काल लावलेला पहारेकरी प्रोग्राम. सगळे नीट काम करताहेत ना, हे तो क्षणाक्षणाला प्रत्येकाला विचारत होता. कुंपणच शेत खात होतं! बाबांनी तो बंद केला, तसा सर्व्हर वाऱ्यासारखा पळू लागला.

खुशीत ते सवयीने उठले आणि लेकीच्या दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. क्षणभर तसेच उभे राहिले, मग पाय न वाजवता मागे फिरले.

संध्याकाळी लेक आपणहून बाहेर आली.

"बाबा, तीन धडे झाले! तू दुपारी कुठे बाहेर गेला होतास का?"